ओले माळवद

सेलू, चैत्र वद्य षष्ठी

आज अदालतीतून परतताना कडुलिंबाचा मोहर अंगावर गळला. उन्हाळा पुरता आला. साऱ्या गावाची अंथरुणे माळवदावर गेली आहेत. माझे मात्र खालच्या खोलीतच होते. वर आम्ही दोघे निजत असू. दिवेलागणीपूर्वी सुलोचना पाणी शिंपडून माळवद निववीत असे. ती गेल्यापासून त्या शिडीकडे पाहण्याचेही मी टाळीत आलो.

आज उकाडा असह्य झाला, म्हणून वळकटी घेऊन वर गेलो. पाहतो तो माळवद ओले. कोणी भिजवले असावे?

शेजारच्या माळवदावरून गंगाबाई म्हणाल्या, "घागरीत पाणी उरलं होतं, वकीलसाहेब. फेकून कशाला द्यायचं म्हणलं."

"आपण उगाच तसदी घेतलीत."

"तसदी कशाची? तुमचं घोरणं ऐकू येईना, तर आमच्या म्हाताऱ्याला झोप लागंना. रोज विचारायलेत, वकीलसाहेब कवा येतेत वर?"

रोज? म्हणजे माळवदही रोजच भिजत होते काय? विहीर तळाला गेली असताना यांच्या घागरीत पाणी उरते कसे, हे मी विचारले नाही. विचारणे योग्यही झाले नसते.

अंथरूण मधोमध घालावे, असे खालून ठरवून आलो होतो. परंतु ओल माझ्या जागेवर होती, तशीच सुलोचनेच्याही जागेवर, अगदी कठड्यापर्यंत. मी माझ्या नेहमीच्या कडेलाच अंथरूण घातले आणि तिच्या जागेवर हात ठेवून पाहिला. जागा गार होती.