मानाची सुरी आणि सुपाचं पातेलं

हापाव्हारा,
रविवार, सौना तापेपर्यंतचा वेळ

तीर्थस्वरूप तेउवोदाजी यांच्या उजव्या चरणी काउकोचा साष्टांग नमस्कार. (डावा चरण प्लॅस्टरमध्ये असल्याचं हिल्काअक्काच्या फोनवरून कळलं, तेव्हा त्याला उगाच त्रास नको.) सौनात, त्या वाफेच्या खोलीत, पायरीवरून घसरलात म्हणे. मी अक्काला नेहमी सांगतो, दाजींना बाकावर खालीच बसव, वर चढले की त्यांना वय आठवत नाही. असो. हाड जुळेपर्यंत नदीवर जाऊ नका, मासे कुठे पळून जात नाहीत. इकडे सगळं ठीक आहे. आमची सौ. रैलीही ठणठणीत आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे ओघाने येईल.

पत्रास कारण असं की आमच्या शिकारीच्या टोळीत एक जागा रिकामी झाली. तुम्हाला माझी इथली पत ठाऊक आहेच. लग्न करून या गावात आलो, थोरली मुलगी नोकरीला लागली, तरी गाव मला अजून 'तो दक्षिणेकडचा नवीन' म्हणतं. बंदूक आहे, परवाना आहे, नारिंगी टोपी आहे. पण मूस, ते बैलाएवढं हरीण, गोळी लागून पडला आणि शेडमध्ये टांगला की बाकीचे आत सोलायला जातात आणि मी बाहेर वाटाण्याच्या सुपाचं पातेलं ढवळतो. दरवर्षी. माझ्या सुपाला नावं ठेवणारा अजून जन्मला नाही, पण दाजी, माणसाने किती वर्षं वाफेतून जग बघायचं? आत जो मूसला हात लावतो तो टोळीतला. बाहेरचा तो बाहेरचाच. तर यंदा आत सोलणाऱ्यांपैकी पाउलीचा खांदा आखडला, आणि आमचे म्होरके एवेर्तआजोबा दुकानाच्या दारात माझ्याजवळ थांबले. थोडा वेळ आकाशाकडे बघितलं (ते इतकी प्रस्तावना सहसा करत नाहीत) आणि म्हणाले, "शनिवारी आत ये. पूक्को घेऊन ये." एवढंच. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

आता पूक्को, म्हणजे कमरेची सुरी, माझ्याकडे नव्हती असं नाही. एक आहे, तिने आम्ही पाकिटं फोडतो. पण ही शेडमध्ये न्यायची, सगळ्यांच्या देखत म्यानातून काढायची, तेव्हा ती अस्सल हवी, बापजाद्यांच्या घडणीची हवी आणि परवडायलाही हवी. लोखंडवाल्या इम्पीबाईंच्या दुकानात गेलो तर त्यांनी आधी हात धुतले, मग मखमलीचा डबा काढला. आत मुठीला पितळी घोड्याचं डोकं असलेली सुरी. किंमत ऐकून मी घोड्याकडे बघत राहिलो, घोडा माझ्याकडे. तेवढ्या पैशात आमच्या बोटीचं इंजिन दुरुस्त होऊन वर छप्परही झालं असतं. शिवाय रैलीचं म्हणणं, ही सुरी लावायची तर खाली सुटाची पँट लागते. मग स्वस्तातली बघितली. तिच्या पात्यावर आपल्या उत्तरेच्या आकाशातले हिरवे प्रकाश रंगवलेले होते, पेट्रोल पंपावर पर्यटकांसाठी टांगलेली असते ती. घरी आणून सॉसेज कापलं तर सॉसेज तसंच राहिलं आणि पातं वळून माझ्याकडे बघायला लागलं. तिसरी रेनडियर पाळणाऱ्यांची, हातभर लांब, रैलीच्या चुलतभावाकडून उसनी आणली. ती कमरेला लावून गाडीत बसलो तर सदरा गळ्यापर्यंत वर गेला आणि मूठ काखेत घुसली. एक हात वर करूनच गाडी चालवत घरी आलो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने उलट हात केला. गावात आता मी फार मनमिळाऊ झालोय अशी बोलवा आहे.

शेवटी चर्चच्या जुन्या बाजारात गावातल्या मार्ताबाईंनी दिवंगत नवऱ्याची सुरी विकायला ठेवलेली दिसली. काय सुरी होती दाजी! बर्चच्या सालीची मूठ, हातात धरली की ऊबदार लागते, आणि पातं असं बारीक की दाखवलं तरी कापेल. किंमत विचारली तर मार्ताबाई म्हणाल्या, आधी कॉफीला या. गेलो. कॉफी, मग पुन्हा कॉफी, मग वेलचीचा पाव, मग नवऱ्याचा फोटो. मी कोण, काय कापणार, सुरी सिंकमध्ये टाकून ठेवणार का, सगळी चौकशी झाली. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा रैलीच्या आईने इतकं विचारलं नव्हतं. शेवटी ठरलं की पैसे नकोत, हिवाळ्याचं सरपण रचून द्यायचं. दोन दिवस रचत होतो. साल वर की खाली यावरून आमचं वाजलंही. (साल वरच. बाई चुकतात, पण सुरी त्यांची होती.) रास इतकी देखणी झाली की लोक गाड्या थांबवून बघून गेले. त्यात रैलीही होती. आमचं स्वतःचं सरपण मे महिन्यापासून अंगणात पावसात पडलंय. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

काल शनिवार झाला. मूस पडला, शेडमध्ये टांगला, आणि मी पहिल्यांदा त्या दारातून आत गेलो. खरं सांगतो, छाती भरून आली. सगळे गोल उभे, कमरेला आजोबा-पणजोबांची म्यानं, कुठे पितळेची कड, कुठे झिजून काळं पडलेलं चामडं. मी माझी सुरी काढली. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एवेर्तआजोबांनी ती हातात घेतली, नखावर धार बघितली, मुठीचा वास घेतला, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, "फार सुंदर आहे. हिला रक्त लावू नकोस." आणि स्वतः माझ्या म्यानात परत ठेवली. मग सगळेच्या सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं प्रार्थना असेल, म्हणून मीही वळलो, पण जरा उशिरा. आणि दाजी, काय सांगू. त्या पणजोबांच्या म्यानांतून एकेक करून बाहेर आल्या त्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुऱ्या. लाल, हिरवी, निळी. एवेर्तआजोबांची पिवळीधमक. सगळ्या स्वीडनच्या!

स्वीडनच्या, दाजी! ज्या लोकांनी बर्फावरच्या हॉकीत आपल्याला रडवलं, ज्यांचं नाव निघालं की एवेर्तआजोबा खिडकी उघडतात, त्यांच्या सुरीने आपला मूस सोलायचा! कुणी कुणाच्या हाताकडे बघत नव्हतं. भराभरा कातडं निघालं, सपासप. मी एकटाच कमरेला अस्सल सुरी लावून रिकाम्या हाताने उभा. शेवटी पाउली आखडलेल्या खांद्याने आत आला, आणि मी बाहेर जाऊन सूप ढवळलं. निघताना एवेर्तआजोबा पातेल्याशी थांबले, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी नीट पूक्को घेऊन ये."

मी मनाशी पक्कं केलंय. परक्याची प्लॅस्टिकची सुरी हातात धरण्यापेक्षा जन्मभर पळी धरीन. आपलं सूप बरं, आपली इभ्रत बरी. अक्कास नमस्कार, आणि पायाची काळजी घ्या.

तुमचा,
काउको

ता.क. डॉक्टरांनी तुम्हाला कुबड्या घेऊन थोडं चालायला सांगितलंय असं अक्का म्हणाली. तुमच्या तोर्निओतून पूल ओलांडला की स्वीडन. पुलावर हवा चांगली असते. पलीकडे उतरल्यावर उजव्या हाताला लोखंडी सामानाचं दुकान आहे, असं मी ऐकून आहे.

ता.क. २. पिवळी नको, ती एवेर्तआजोबांची. शनिवारच्या आत पोचावी. पुड्यावर 'कॉफी' लिहा, आमची पोस्टमनबाई पाउलीची बायको आहे. अस्सल म्यान माझ्याकडे आहेच, त्याला साजेल एवढीच लांबी बघा.

ता.क. ३. भेट मिळालेल्या सुरीने नातं तुटू नये म्हणून रिवाजाप्रमाणे पत्राच्या कोपऱ्यात नाणं चिकटवलंय, ते काढून घ्या. आणि दाजी, इतकी वर्षं तुम्ही मासे साफ करताना आमच्याकडे पाठ करून का बसता, ते आता कळलं. तुमची कोणत्या रंगाची आहे तेवढं कळवा, म्हणजे उन्हाळ्यात आपण पाठीला पाठ लावून बसू.