१४८३०६ नंबरचं पदक

८ एप्रिल २०१२, रविवार

आज पदकं जमवणाऱ्यांच्या क्लबात गेलो नसतो तर बरं झालं असतं!

शाळेच्या मुख्याध्यापिका कपितोलिना सेर्गेयेव्हना आल्या होत्या. बरोबर एक म्हातारी — झिनाइदा येगोरोव्हना लापशिना. बोलल्या सगळं बाईच. आठ मेला शाळेत युद्धाची खोली उघडायची आहे, कॅप्टन येगोर लापशिन यांच्या नावानं. म्हणजे या म्हातारीचे वडील. सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होते, चव्वेचाळीस साली गेले. पदक मागाहून घरी आलं. आता पदक नाही, त्याचा नंबर लिहिलेली पुस्तिका तेवढी शिल्लक आहे.

"हिच्या भावानं विकलं, दारूपायी," बाई तिच्या तोंडावर म्हणाल्या. "कोल्यानं! शेवटी शेवटी सख्खे नातेवाईक दारात उभं करत नव्हते त्याला."

झिनाइदा येगोरोव्हना बाईंकडे वळल्याही नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

माझा मित्र वेन्या, त्याच्या जिभेला हाड नाही. म्हणाला, "अहो, आमच्या रोद्याला द्या काम! मेलेल्या शिपायांचे पत्ते बरोबर काढतो. जिवंत मित्राला फोन करायला मात्र सवड नाही."

सगळे हसले. बाईंनी पुस्तिका माझ्या हातात दिली. पितृभूमी युद्ध पदक, पहिला वर्ग. नंबर १४८३०६.

हा नंबर मला पाठ आहे.

९ एप्रिल

खात्री करायची गरज नव्हती, तरी जुनी वही काढली. आहे. पाचव्या ओळीत.

त्र्याण्णव साल. मी दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, कॅप आणि कवळ्या बनवायचो. सरकारी सोनं येईनासं झालं होतं. लोक घरचं आणायचे — अंगठ्या, झारच्या वेळची नाणी. आणि पदकं. डॉक्टरीणबाई कागदाची पुडी आणि प्लास्टरचा साचा टेबलावर ठेवून जायच्या. तोंड कुणाचं, ते मागच्या खोलीत कधी कळत नसे. विचारायची रीतच नव्हती.

या पदकात लाल ताऱ्यामागे सोन्याची किरणं असतात. ती मुशीत गेली. चांदी डाखाला वापरली. अशी अकरा पदकं मी वितळवली! वितळवण्याआधी नंबर तेवढा लिहून ठेवायचो. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

मग हा संग्रह, हा शोध, अभिलेखागाराला पत्रांवर पत्रं. लोक म्हणतात, छान छंद आहे. नऊ जणांची नावं काढली. हा दहावा. नातेवाइकांनी अर्ज केल्याशिवाय ते याचं कार्ड दाखवत नव्हते. आता नाव स्वतःच्या पायांनी चालत माझ्यासमोर आलं.

१२ एप्रिल

फोन वाजला की दचकतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

१५ एप्रिल, ईस्टर

वेन्या रंगवलेली अंडी आणि गोड पाव घेऊन आला. "ख्रिस्त उठला!" म्हणून रीतीप्रमाणे तीन मुके घेतले. मी आनंदी असल्याचं नाटक केलं.

तो बसलेला असतानाच बाईंचा फोन. "रोदिओन सावेल्येविच, काही पत्ता?" म्हटलं, शोधतोय. तर म्हणाल्या, "नाही सापडलं तरी चालेल. रिकामी चौकट लावू. खाली लिहू — मुलानंच विकलं. दारू माणसाचं काय करते ते पोरांना कळू दे."

मी पाव ताटलीत परत ठेवला. कोल्या काही संत नव्हता म्हणे. पण बाजारात विकलेलं पदक आज ना उद्या सापडतं. हे सापडणार नाही, कारण मी ते वितळवलं. आणि भिंतीवर नाव लागणार त्याचं एकट्याचं!

१९ एप्रिल

एक वाट आहे. घाण वाट आहे.

माझ्याकडे त्याच वर्गाचं, त्याच काळातलं एक पदक आहे. अनफीम रोगोझिनचं. तोफेचा नेमबाज. अनाथाश्रमात वाढला. शिफारसपत्रात लिहिलंय — उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हातानं तोफेचं चाक फिरवत राहिला. युद्धानंतर अपंगांच्या आश्रमात होता, एकोणऐंशीत तिथंच वारला. बायको नाही, मूल नाही. त्याला शोधायला मला सहा वर्षं लागली. त्याची आठवण काढणारा या जगात मी एकटा.

म्हणून तर तो सोपा! तक्रार करायला कोण येणार?

२१ एप्रिल

नाही करणार. ठरलं.

२४ एप्रिल

आज मृतांचा दिवस. बायकोच्या, लिदाच्या कबरीवर अंडं ठेवलं, थोडी वोदका ओतली. तिला सगळं सांगितलं. ती असती तर म्हणाली असती, "रोद्या, एक झाकायला दुसरं उघडं पाडतोस." तिचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि तरी परत येताना मी बारीक कानस कुठे ठेवली ते आठवत होतो.

२६ एप्रिल

केलं.

रोगोझिनचा नंबर घासायला चाळीस मिनिटं लागली. काम सफाईदार झालं. व्हायला नको होतं! दातावरच्या बारीक कामाची सवय, ती बोटांतून जात नाही. मग लापशिनचे सहा आकडे कोरले, त्या काळच्या वळणाचे. घासलेली चांदी पांढरी फटक दिसत होती. उकडलेलं अंडं कुस्करलं, पदकाबरोबर बरणीत घालून झाकण लावलं. ईस्टरचंच उरलेलं, लाल रंगाचं. अंड्यातल्या गंधकानं सकाळपर्यंत चांदी काळवंडली. सत्तर वर्षांची दिसायला लागली.

रोगोझिनची फाइल कपाटात आहे. तिच्यावरचा नंबर आता कुठल्याच पदकावर नाही.

५ मे

शाळेत नेऊन दिलं. "मॉस्कोच्या एका संग्राहकाकडे होतं," म्हटलं. बाईंनी पुस्तिका शेजारी धरून आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले, आणि रडायलाच लागल्या. माझ्या कपाळाचा मुका घेतला!

झिनाइदा येगोरोव्हनांनी पदक हातात घेतलं. चेहरा पांढरा पडला. "हे... कुठं मिळालं म्हणालात?"

"मॉस्कोत."

"असं," म्हणाल्या. आणि पदक बाईंकडे देऊन टाकलं. मला वाटलं, आनंदानं बोलणं सुचत नसेल.

६ मे

वेन्यानं माझा अल्बम चाळला. "रोगोझिन कुठाय?"

"अदलाबदलीत दिला."

"रोगोझिन? अरे, सहा वर्षं तुझ्याकडे जेवताना त्याचंच ऐकत आलो मी! बायको दिली असतीस, पण हा दिला नसतास." मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "काय झालंय रे?"

पित्त झालंय म्हटलं.

८ मे

खोली उघडली. कारनेशनची फुलं, पोरांच्या कविता, नगरपालिकेचा साहेब. पदक काचेत. झिनाइदा येगोरोव्हनांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, उभ्या राहिल्या, आणि परत बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. लाज वाटते लिहिताना.

९ मे

घराबाहेर पडलो नाही. विजय दिनाच्या संचलनाचा बँड खिडकीतून ऐकू येत होता. ग्लासात वोदका ओतली, रोगोझिनच्या नावानं. ग्लास तसाच फाइलीजवळ ठेवून दिला.

१० मे

झिनाइदा येगोरोव्हना सकाळी एकट्याच आल्या. चहा नको म्हणाल्या. खिडकीच्या उजेडात उभ्या राहिल्या आणि बोटानं वरचा ओठ उचलला. डावीकडे दोन सोन्याच्या कॅप. कडेची घडण बघितली मात्र — माझंच काम.

"कोल्यानं नाही विकलं. मी दवाखान्यात दिलं. घरी म्हटलं, चोरीला गेलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि मी बघू दिलं. मेला तो चोर म्हणूनच." मग म्हणाल्या, "कॅप कोण बनवतं ते गावाला ठाऊक होतं. क्लबात मला वाटलं, तुम्ही बोलाल. तुम्ही बोललात की मी बोलणार होते. तर तुम्ही पदकच घेऊन आलात!"

मी खुर्चीवर बसलो.

"काचेत आहे ते पदक खरं कुणाचं?"

नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

"चला शाळेत. मी कोल्याचं सांगते. तुम्ही याचं सांगा."

खाली बाकावर बसल्यात. रोगोझिनची फाइल घेतली आहे. निघतो.