वाळवीच्या जागी ठिपके

बुधवार, १७ तारीख

ती. ताईस धाकटीचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. वेळेवर जेवते, चष्मा पुसते, तेव्हा काळजी नको.

आधी आनंदाची बातमी. वेढ्याची रोजनिशी सापडली! सात महिने या शहराला वेढा होता, पण त्यावर आजवर लिहिलं ते सगळं पुरुषांनी. ही दरबारी कारकुनाच्या बायकोनं लिहिलेली. माझ्या पुस्तकाचा कणाच म्हण ना! इतिहास मंडळातले पंडित मला म्हणाले होते, "बाई, इतिहास म्हणजे भरतकाम नव्हे." आता बसा म्हणावं बोटं मोडत.

वही घराबाहेर न्यायची नाही, आणि महिनाअखेरपर्यंतच बघायची, अशी वही ज्यांच्या घरात सापडली त्या मालकीणबाईंची अट. माडीवर बसून नक्कल करते. वाळवीनं जितकी अक्षरं खाल्ली तितके ठिपके देते. मनचं अक्षर घालत नाही. एकदा घातलं की इतिहास संपला.

आता गंमत ऐक. सोमवारी जेवून वर आले तर माझ्या नकलेतले ठिपके भरलेले. शाई माझी, वळणही माझंच. मालकीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, माडीची किल्ली माझ्या कमरेला. आणि आमच्यात लिहिता येतंय कोणाला?" म्हटलं, मीच लिहून विसरले असेन. काल पुन्हा तेच.

आणि भरलेलं चूक नाही गं! त्याच पानाचा, बांधणीत अडकलेला एक चिटोरा काल चिमट्यानं काढला. शब्द जसेच्या तसे.

वेढा उठला तरी रोजनिशी लिहिणारी ती बाई लेकीकडे गेली नाही. मुलगी बहिणीकडे होती, हिला लिहून संपवायचं होतं. बहिणीचं पत्र आलं, ते हिनं फोडलं नाही. पुढची ओळ वाळवीनं खाल्लेली. सकाळीच तिथे बारा ठिपके दिले.

ताई, खरं सांगते. तुझं पाकीट आठ दिवसांपूर्वी आलं. दौतीखाली तसंच आहे. उघडलं तर परत ये म्हणशील, या भीतीनं नाही उघडलं. चिमीला तुझ्या कडेवर दिलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "लेकीसारखी सांभाळीन, पण मी हाक मारली तर ओ दे." मी ओ दिली नाही. लाज वाटते.

दुपारी.

एवढं लिहून जेवायला गेले होते. परत आले, तर बारा ठिपक्यांच्या जागी लिहिलं आहे: 'फोडलं तेव्हा मुलगी गेली होती.'

मी तुझं पाकीट फोडलं. चिमीला ताप चढला आहे, सारखी आई आई करते, मिळेल त्या गाडीनं निघ, असं तू आठ दिवसांपूर्वी आलेल्या या पत्रात लिहिलंस.

वही मालकीणबाईंना परत दिली. नक्कल टेबलावरच राहू दे, कोणी काय वाटेल ते भरो त्यात. पंडित हसतील, हसू देत.

टपाल आता निघतंय, माझी गाडी संध्याकाळी आहे. म्हणजे हे पत्र माझ्या आधी पोचेल. ताई, एवढं कर. मी कडी वाजवीन तेव्हा दार तू उघडू नकोस. तिला उघडू दे.

तुझी धाकटी,
चिमीची आई