कोळशाची रेघ

अमरावती,
८ डिसेंबर २०२४

प्रिय आपा,

सलाम. तुझ्या छोट्या अफनानचा खोकला कसा आहे? दर्यापूरहून अम्मीच्या कोंबड्या अकोल्याला नेल्यास, त्या तुझ्या गॅलरीत रमल्या का? सासूबाई नाक मुरडत असतील, मुरडू देत.

अम्मीच्या चालिसव्याला, चाळिसाव्या दिवशी, तू मला जवळ घेऊन म्हणालीस, "कोनालेच काई समजलं नाई वं. तुहा काई दोष नाई." फोनवर तोंड उघडणार नाही, म्हणून लिहिते.

आधी लहान गुन्हा. अम्मी दर मंगळवारी सकाळच्या बसने गावरान अंड्यांचा डबा पाठवायची. "दोन खात जाय रोज, वाळून राहिली तू." मी हो म्हणायची. खाल्लं एकही नाही. सगळी प्रयोगशाळेत गेली. बलकातला स्निग्ध भाग वेगळा काढून पाण्यात सोडला, की त्याचे आपोआप सूक्ष्म फुगे होतात. भोवती पातळ पडदा, आत पाणी. पृथ्वीवरची पहिली पेशी अशीच काहीशी असेल, असा आमचा अंदाज. ते फुगे वाढतात, हलतात, अगदी जिवंत वाटतात. जिवंत नसतात. आमच्या साधना मॅडम म्हणायच्या, "शोधनिबंधात तुझ्या आईचं नाव घालायला हवं." अम्मीला हे सांगायचं राहूनच गेलं.

आता खरं सांगते. शेवटच्या डब्यात तीन अंड्यांवर कोळशाची रेघ होती. उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवलेलं अंडं कोणी चुकून उचलू नये म्हणून अम्मी ती ओढायची. लहानपणी आपण एक उचललं, तर दोघींना केवढे चिमटे बसले होते! तीच अम्मी उबेवरची अंडी काढून डब्यात भरते? मी रेघ पाहिली. तरी एक फोडलं. बलकावर रक्ताच्या बारीक लाल शिरा पसरल्या होत्या.

तेव्हाच कळलं, अम्मीचं काहीतरी बिघडलंय. फोन हातात घेतला होता, आपा. पण मायक्रोस्कोप तीनपर्यंतच मिळणार होता. संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी विसरले. बुधवारी एका फुग्याचे आमच्या डोळ्यांदेखत दोन झाले, आणि मी सगळ्यांना पेढे वाटले. शुक्रवारी तुझा फोन आला, अम्मी गेली म्हणून. मेंदूत गुठळी होती, दोन दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तू त्यांना म्हणालीस, "आमाले कसं समजनार होतं?"

मला समजलं होतं. मंगळवारी दुपारी अडीच वाजता.

उरलेली दोन अंडी इथल्या फ्रिजमध्ये आहेत. त्यांतून आता काही निघणार नाही, पण फोडवत नाहीत. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. कोंबडी पुन्हा खुडूक झाली की तिला मात्र बसव. अंड्यांवर रेघ ओढायला विसरू नकोस.

दोष नाही म्हणालीस, ते तुझे शब्द या पत्रासोबत परत करते आहे.

तुझी,
शाइस्ता