मोबाइलमधलं पळणं

२४ नोव्हेंबर, सोमवार

चौथीच्या वह्या तपासत होते. निबंध — 'माझा आवडता तास'. रूपानं लिहिलंय : "मला खेळाचा तास आवडतो. त्या तासाला आम्ही हाताची घडी घालून गप्प बसतो. बाई मोबाइलमध्ये आमचं पळणं भरतात."

आमचं पळणं भरतात!

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. लाल पेन हातात धरून बसले. काय खोडू?

२५ नोव्हेंबर

खोटं नाही लिहिलं पोरीनं. गेली दोन वर्षं तंदुरुस्तीच्या सरकारी अॅपवर मीच भरतेय. सहाशे मीटर धावणं, उंची, वजन, वाकून पायाचे अंगठे धरणं — तिसरी-चौथीची सगळी मिळून सत्तावीस मुलं, सगळ्यांचे आकडे अंदाजपंचे. एकाच तासात काम संपतं. मग कार्ड छापून येतं, 'तंदुरुस्त' असं हिरव्या अक्षरांत, आणि आईबाप ते जपून ठेवतात.

आज मुख्याध्यापक शालिग्राम सरांनी आठवण केली. "मॅडम, बारा तारखेच्या आत भरून टाका. गेल्या वर्षीचंच घ्या, वीस-तीस सेकंद इकडंतिकडं करा."

मी म्हटलं, "सर, या वर्षी खरंच पळवू का मुलांना?"

सर हसले. खिडकीतून मैदानाकडं हात केला. मैदानभर मका वाळत घातलेला.

२६ नोव्हेंबर

मका नवलभाऊंचा. सरपंचांचे चुलतभाऊ. त्यांना म्हटलं, मुलांना मैदान हवंय. म्हणाले, "पोरं वर्गमा बसतीन ना बाई. मका वायना का उचली लेसू."

गेल्या वर्षी मका उचलला आणि कांदा टाकला. त्याच्या आदल्या वर्षी लग्नाचा मांडव. हे मैदान मुलांचं होतं कधी?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज खेळाच्या साहित्याच्या कपाटाची किल्ली मागितली. सर देईनात. "साहित्य खराब झालं तर तपासणीला काय दाखवायचं?"

म्हटलं, "सर, वापरायला दिलंय ते!"

"वापरलं तर झिजतं, मॅडम."

शेवटी दिली. दोन फुटबॉल, दहा उड्यांच्या दोऱ्या, आठ रिंगा, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं. एका फुटबॉलला उंदरांनी भोक पाडलंय. साठा रजिस्टरवर मात्र 'सुस्थितीत'. खाली सही माझी!

रात्री नवऱ्याचा, हितेंद्रचा फोन. तो तिकडं जळगावला, पिंप्राळ्यात, मी इकडं पिंपळनेरच्या भाड्याच्या खोलीत. म्हणाला, "कामिनी, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. बदलीचा अर्ज टाकलाय आपण. या वर्षी कुणाशी वाकडं नको."

मी फोन ठेवला.

१ डिसेंबर, सोमवार

मका बाजूला सारला. मी आणि सत्तावीस मुलं — खराटे, पाट्या, घमेली घेऊन. एक दाणा वाया जाऊ दिला नाही. भिंतीकडेला नीट ढीग केला. नवलभाऊ मोटारसायकलवरून आले, रस्त्यावरूनच ओरडले, "बाई, कोनले इचारीसन हात लावा?" मी म्हटलं, "रूपाला विचारलं." त्यांना काही कळलं नाही. मुलं मात्र खूप हसली.

मग खेळाचा तास. खराखुरा!

आणि लाज वाटली. चौथीच्या मुलांना रांगेत धावता येत नाही. शिट्टी वाजली की थांबायचं, हेही माहीत नाही. एकमेकांवर आदळतात. शेतात दिवसभर काम करणारी पोरं ही, पण चेंडू अंगावर आला की डोळे मिटतात.

४ डिसेंबर, गुरुवार

टेपनं मैदान मोजलं. लांबी चाळीस मीटर. म्हणजे सहाशेला पंधरा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. आज तिसरी आटोपली. बारापैकी चौघं मध्येच चालायला लागली, एकजण सरळ खाली बसला. हेच आकडे भरणार. जसेच्या तसे. उद्या चौथी.

५ डिसेंबर

ऋतिका पडली.

नवव्या फेरीला. धावत होती, छातीवर हात गेला, तशीच खाली. आधी वाटलं ठेच लागली. जवळ गेले तर डोळे फिरलेले. अंग गार. छातीतलं धडधडणं फ्रॉकवरून दिसत होतं.

सरांच्या गाडीतून पिंपळनेरला नेलं. तिचा बाप छगनभाऊ कांद्याच्या वाफ्यातून तसाच आला, पाय चिखलानं भरलेले. आजी पुष्पाबाई रस्ताभर माझा हात धरून होती. "काय व्हयनं वं माय? सकाय तं भाकर खाईसन गयती." शुद्ध आली होती, पण डॉक्टर म्हणाले, धुळ्याला दाखवा.

मी पळवली तिला. मी.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी सर खोलीवर आले. मला वाटलं चौकशीला. खुर्चीत बसले, आवाज खाली आणला. "घाबरू नका मॅडम. गेल्या वर्षीचं कार्ड आहे तिचं. सहाशे मीटर, तीन मिनिटं दहा सेकंद. तंदुरुस्त. म्हणजे शाळेला काही कल्पना असायचं कारणच नाही. ते कार्डच तुम्हाला वाचवेल."

मी म्हटलं, "सर, ती कधी पळालीच नव्हती."

"ते तुम्हाला आणि मला माहीत," ते म्हणाले आणि चहा संपवला.

थू! असं म्हणावंसं वाटलं. पण कुणावर? तो आकडा माझ्या बोटानं टाकलाय.

८ डिसेंबर, सोमवार

रजा टाकून धुळ्याला गेले. दवाखान्यात ऋतिका पलंगावर बसून बिस्किट खात होती. मला बघून म्हणाली, "बाई, मना नऊ फेऱ्या झाल्या. धरश्यात ना?" धरते म्हटलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण, घाईतले. छातीला नळी लावून ऐकलं. "थोडा आवाज येतोय. मुलांमध्ये असतो कधी कधी, घाबरायचं कारण नाही. आधी कधी दम लागायचा का?"

छगनभाऊंनी खिशातून कार्ड काढलं. किती जपून! प्लॅस्टिकच्या पाकिटात. "साहेब, हाई शाळानं कार्ड. बठ्ठं बरोबर शे."

डॉक्टरांनी वाचलं. "सहाशे मीटर तीन-दहामध्ये? छान पळते की! मग उपाशी असेल, उन्हानं भोवळ आली असेल. उद्या घरी सोडू."

मी तिथंच उभी होते. तीन पावलांवर. तोंड उघडलं नाही.

एसटीत बसून परत आले. साक्रीपर्यंत स्वतःला शिव्या देत होते, साक्रीनंतर सगळ्यांना. मका वाळवणाऱ्याला, किल्ली लपवणाऱ्याला, ते अॅप काढणाऱ्याला, "भरून टाका" म्हणणाऱ्या प्रत्येकाला. पण दवाखान्यात गप्प राहिले ती मी. तिथं मला गप्प करणारं दुसरं कुणी नव्हतं.

९ डिसेंबर

पहाटेच्या गाडीनं पुन्हा धुळे. ऋतिकाची पिशवी भरून ठेवलेली, सुटीच्या चिठ्ठीवर फक्त सही व्हायची बाकी. डॉक्टरांना दारातच गाठलं. छगनभाऊ आणि पुष्पाबाई शेजारी. त्यांच्यासमोरच बोलायचं असं ठरवून गेले होते.

"डॉक्टर, ते कार्ड खोटं आहे. ती गेल्या वर्षी पळाली नाही. कुणीच पळालं नाही. आकडे मी बसून भरलेत."

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. मग पुष्पाबाईंकडं वळले. "आजी, खरं सांगा. दम लागायचा?"

म्हातारी रडायलाच लागली. "लागे तं. हिरवरथून पानी आनताना बठी जाये. आमी म्हनूत आयशी शे. मंग कार्डवर चांगलं लिखेल दिखनं, तं मी तिले मारे बी, साहेब. सोंग करस म्हनीसन."

कार्ड बघून मारलं. माझं कार्ड बघून.

छगनभाऊ पलंगाकडं वळले. माझ्याकडं पाहिलंही नाही. डॉक्टरांनी सुटीची चिठ्ठी फाडली.

११ डिसेंबर, गुरुवार

हृदयाची तपासणी झाली. भोक आहे. जन्मापासूनचं. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, ऑपरेशननं बुजतं, पुढं मुलगी नीट जगेल. जानेवारीत नाशिकला. शाळेतून लागणारे कागद आजच तयार करून पाठवले.

छगनभाऊंना फोन केला. पुष्पाबाईंनी उचलला. "तो बोलत नही बाई," एवढंच म्हणाल्या.

१२ डिसेंबर

शेवटची तारीख. सव्वीस मुलांचे खरे आकडे भरले; चौथीच्या फेऱ्या ऋतिका पडली तिथंच थांबल्या, तेही तसंच लिहिलं. ऋतिकापुढं लिहिलं — नऊ फेऱ्या, नंतर चक्कर. सोबत पत्र जोडलं : मागच्या दोन वर्षांची माहिती मी चाचणी न घेता भरली आहे. सही केली.

सर लालबुंद. "तुम्ही बुडा, मला कशाला ओढता? सही माझीही आहे त्यावर!"

संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन. "मॅडम, आख्ख्या केंद्राची मुलं तंदुरुस्त आणि तुमचीच कशी काय मरतुकडी?"

म्हटलं, "साहेब, आमचीच पळाली म्हणून."

फोन बंद झाला.

१६ डिसेंबर, मंगळवार

नोटीस आली. 'पालकांची पूर्वसंमती न घेता विद्यार्थ्यांना धावण्यास भाग पाडले. खुलासा करावा.' दोन वर्षं खोटं भरलं, त्याबद्दल एक अक्षर नाही. खोटं चालतं. पळवलेलं चालत नाही!

हितेंद्रला वाचून दाखवली. "बदलीचं गेलं आता," म्हणाला. मग : "मी शनिवारी येतो तिकडं." त्याच्याशी भांडायला तयार बसले होते. भांडता आलं नाही.

१८ डिसेंबर

टेबलावर चिठ्ठ्या. एकोणीस. सगळ्यांवर तोच मजकूर, एकाच हातानं लिहिलेला, खाली वेगवेगळ्या सह्या आणि अंगठे : 'आमच्या मुलाला शाळेत पळवू नये.' कागद नवलभाऊंच्या दुकानातले, वर नाव छापलंय. चिठ्ठ्यांचा राग नाही आला. पोर पडलेली त्यांनी पाहिली आहे. भीती वाटणारच. राग या गोष्टीचा, की त्या भीतीवर दुपारपर्यंत मका पुन्हा पसरला गेला.

रूपाची चिठ्ठीही होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. खेळाचा तास झाला. सगळ्यांनी हाताची घडी घातली.

मी मोबाइल काढला नाही. तेवढंच.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. गार वारा. मैदानावर छगनभाऊ, मक्याच्या कडेला, धाकट्या मुलीचं बोट धरून. पहिलीत आहे ती. मला वाटलं, दाखला काढायला आले. त्यांनी नमस्कार केला नाही. डॉक्टरांनी भावंडांनाही तपासून घ्या म्हणून सांगितलंय म्हणाले, सोमवारी धुळ्याला नेणार आहेत. मग पायानं मका बाजूला सारायला लागले. वाट मोकळी झाली तसे माझ्याकडं वळले.

"डॉक्टर इचारी, दम लागस का. मी काय सांगू? मी कधी देखंच नही. इले हळूहळू चालाडा बाई. मी आठेच उभा शे. आनि जे व्हई, ते खरं लिखा."