मंगळवारची सुट्टी

मामाजी,

त्या शहरातल्या मेट्रोच्या साहेबानं माह्या पोरीचा बाप हिसकावून नेला, अन् तुमी, त्याचेच बाप, चौकात मिशीले ताव देऊन राह्यले! "आमचा पवन आता रातच्या गाड्या सांभाळते," म्हणता. शनिवार-रविवारी सिनेमे पाहून, हॉटेलात जेवून निघणाऱ्यांसाठी साहेबानं उशिरापर्यंत गाड्या वाढवल्या. वाढवा ना! पण माणसं वाढवली नाहीत. स्टेशनवरच्या पवनसारख्या जुन्याच सेक्युरिटीवाल्यांची रविवारची सुट्टी काढली अन् मंगळवारी टाकली.

आपली निकिता हॉस्टेलातून फक्त रविवारी घरी येते. तिची वेणी बापच घालायचा. वाकडी घालायचा, पण पोरगी ती बुधवारपर्यंत सोडत नसे. मागच्या रविवारी मी कंगवा घेतला तर म्हणाली, "तू नको. बाबा काहून येत नाहीत? माह्यावर रागावले काय?" सांगा, काय सांगू तिले?

म्हणून आज रविवारी मी तिले घेऊन शेलूबाजारच्या जीपनं शहराकडे निघाली. ती बापाले त्याच्या स्टेशनवरच भेटन. कोणी हाकललं तर मी तिथंच बोंब मारन. उद्याची शाळा बुडू द्या. भाकरी टोपल्यात हायेत, म्हशीले पाणी तुमीच पाजा.

"नोकरी जाईन" म्हणून मले गप्प बसवू नका. साहेबाचा नंबर तुमच्या मोबाइलात हाये. लावा अन् विचारा: ज्याची पोरगी रविवारीच घरी असते, त्यानं मंगळवारी येऊन कोणाचं तोंड पाहावं? जवाब घेतल्याबिगर फोन ठेवू नका.

वर्षाराणी