पोतं टेकलं तिथं पाणी

१२ मार्च, गुरुवार

डोकं अजून तापलेलंच आहे. वाढीच्या डुकरांना प्रथिनांसाठी ढेपेसोबत शेवग्याच्या पाल्याचा भुगा द्यायचं ठरवलं. म्हणून सावलीत वाळवलेला पाला पोत्यात भरून बंडूभाऊंच्या चक्कीवर नेला. त्यांनी हसत पोतं आत घेतलं. "कायसाठी पाह्यजे?" मी खरं तेच सांगितलं, "डुकरायसाठी."

झालं! पोतं उचलून दाराबाहेर ठेवलं आणि जिथं ते टेकलं होतं तिथं पाणी शिंपडलं. माझ्यासमोर! "इथं लोकायचं पीठ दळतो मी, बाई." अरे, तिथंच त्यांच्याच दुसऱ्या चक्कीत गुरांचा भरडा निघतो, तो बरा चालतो! पोत्याचं तोंडही मी सोडलं नव्हतं. मग पाणी शिंपडलं ते कशापायी? पाल्यापायी, डुकरांपायी, की माझ्यापायी?

घरी आई म्हणते, "गाईसाठी हाय, असं सांगाले काय झालतं तुले?" याचा तर जास्तच राग आला. मी काऊन खोटं बोलू? चोरीचा माल आहे का?

शेवटी उखळात हातानंच कुटला. डुकरांनी टोपलं चाटूनपुसून साफ केलं.

आणि पाला कुठला? आमच्या अंगणातल्या शेवग्याचा. त्याच झाडाच्या शेंगा बंडूभाऊंची बायको दर उन्हाळ्यात पदर भरून नेते. तेव्हा नाही कोणी पाणी शिंपडत! यंदाही तिचा निरोप आलाच आहे, शेंगा झाल्या का म्हणून. येऊ दे. देईन, पदर भरून देईन. फक्त आधी दारातच विचारीन, "कायसाठी पाह्यजे?"